रोहीचे ठरलेले मुक्काम

मुलांनो, सागाच्या एका विरळ रानात एक रोही राहत असे. रोहीलाच काही ठिकाणी नीलगाय म्हणतात. हा नर होता. अंगाने उंच, रंगाने राखी, चालीने गंभीर. तो थोडे बोले आणि बोललेले पाळी. दुसऱ्याच्या वाट्याचे त्याने कधी खाल्ले नाही, आणि दिलेली वेळ कधी चुकवली नाही. अशा प्राण्याला मान मिळतो. त्यालाही मिळत असे. पण गुणालाही कड असते आणि त्या कडेवरून पाय घसरतो, हे त्याला अजून ठाऊक नव्हते.

वैशाख लागला आणि रानातले तळे आटत आले. एकेक कळप माळ ओलांडून मोठ्या नदीकडे निघून गेला. मागे तिघेच उरले. एक हरिणी, ती गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि कळपाच्या वेगाने तिला चालवेना. दुसरा आपला रोही, अडलेल्या जिवाला टाकून जाणे त्याला पाप वाटले. तिसरे एक रानडुक्कर. कळप निघाले तेव्हा ते कंदांच्या खड्ड्यात मान घालून बसले होते. त्याने मान वर काढली तोवर वाटेवरची धूळसुद्धा खाली बसली होती.

हरिणीला स्वतःची चिंता नव्हती. ती रोहीला म्हणाली, "दादा, पाडस तर देव देईल. पण माझ्या पोटात ओला चारा गेला नाही, तर पान्हा फुटणार नाही. मग ते जगेल कशावर?"

रोही म्हणाला, "मी तुला नदीवर पोचवतो."

त्या रानात एक जुनी रीत होती. लांबच्या वाटेला निघताना पुढाऱ्याने पाण्याकाठी उभे राहावे, तोंडात एक घोट धरावा, पूर्वेकडे पाहावे आणि मनातल्या मनात देवापुढे संकल्प करावा. तोंडात पाणी असल्यामुळे तो बोलता येत नसे, आणि बोलायचाही नसे. मग घोट गिळून सोबत्यांना वाटेतले मुक्काम मोठ्याने सांगावेत. मुक्कामावर पुढाऱ्याने अन्नपाण्याला तोंड लावल्याशिवाय इतरांनी तोंड लावू नये, हाही नियम होता.

तळ्यात उरलेल्या डबक्यातून रोहीने घोट घेतला. डोळे मिटले, उघडले, घोट गिळला. मग तो म्हणाला, "पहिला मुक्काम उंबराचा झरा. दुसरा बाभळीचे बन. तिथे खाली शेंगांचा सडा असतो, आणि खडकातल्या टाक्यात पाणी असते. त्यानंतर नदी. माझ्या वडिलांनी याच मुक्कामांनी आमचा कळप नेला होता. मध्ये कुठेही थांबायचे नाही."

"कुठेही?" रानडुकराने विचारले.

"कुठेही."

"अहो रोहीराव, ज्याने चोच दिली, त्याने चारा जागोजागी पेरून ठेवलाय. आपण नाही म्हटलं तर त्याला काय वाटेल?"

"त्याने तुला पायही दिले आहेत," रोही म्हणाला. "चल."

ते निघाले. पण रानडुकराचे पाय चालत होते, आणि नाक थांबत होते. करवंदीची जाळी दिसली की ते आत घुसे. ओलसर माती दिसली की उकरू लागे. "पुढे व्हा, हा आलोच," असे ते म्हणे, आणि येत नसे. हरिणीला सोबत्याला मागे सोडून जाणे बरे वाटेना. म्हणून ती थांबे, आणि ती थांबली की रोहीलाही थांबावे लागे. करवंदे गोड होती, हे खरे. पण सूर्य कोणाच्या जेवणासाठी थांबत नाही.

ते उंबराच्या झऱ्यावर पोचले तेव्हा सांज झाली होती. दिवसाउजेडी जिथे ससे आणि मोर पाणी पितात, तिथे आता बिबळ्या बसला होता. रोहीने वेळीच त्याचा वास घेतला, म्हणून तिघे वाचले. झुडपांमागून पळताना हरिणीचा पाय दगडावरून निसटला. ती गुडघ्यांवर आली, तशीच उठली आणि धडपडत पुढे गेली. बिबळ्या निघून जाईपर्यंत कोरड्या घशाने, श्वास रोखून त्यांना एका खबदाडात उभे राहावे लागले. मग कोठे दोन घोट मिळाले. उंबरे खाली पडली होती, ती त्यांनी उभ्याउभ्या, कान टवकारून खाल्ली.

सकाळी रोही रानडुकरासमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर बरे, असे रानडुकराला वाटले.

"तुझ्या जिभेपायी काल दोन जीव गेले असते. एक हिचा, आणि एक अजून या जगात न आलेला."

रानडुक्कर खाली पाहू लागले. "ताई, चुकलं माझं," ते हरिणीला म्हणाले.

"आजपासून तुझे नाक जमिनीला लागायचे नाही," रोही म्हणाला. "मान वर ठेवून चालायचे. बाभळीचे बन येईपर्यंत गवताची काडीसुद्धा तोंडात घालायची नाही. तू नाही, ही नाही, मीही नाही."

इथवर रोहीचे काही चुकले नव्हते, मुलांनो. वाटेवर शिस्त हवी, आणि चुकलेल्याला सांगणारा हवा. पण रागाने केलेला नियम गरजेपेक्षा नेहमी एक हात लांब होतो. हाही झाला.

झरा मागे पडला आणि माळ सुरू झाला. ऊन चढू लागले. मग वाटेच्या कडेला टेंभुर्णीचे एक दाट बन लागले. पिवळी फळे फांद्याफांद्यांना लगडली होती. झाडांवर वानरे बसली होती. त्यांची खाण्याची रीत तुम्हांला ठाऊक असेल: निम्मे खायचे, निम्मे टाकायचे. खाली रसाळ फळांचा आणि कोवळ्या पाल्याचा थर पडला होता.

सर्वांत खालच्या फांदीवर एक वृद्ध वानरी बसली होती. तिने हाक मारली, "अहो पाहुणे! या, सावलीला या. आम्ही वरून टाकतोय, खाली खायला कुणी नाही. अन्न मातीत जातंय."

हरिणी थांबली. तिच्या नाकपुड्या हलल्या. रानडुकराने मान वर धरली होती, पण त्याचे डोळे मात्र खाली गेले होते.

रोही न थांबता म्हणाला, "आभारी आहोत. आमचा मुक्काम पुढे आहे."

"कुठे?"

"बाभळीच्या बनात."

"अरे बाबा, पण तिथे..."

"आमचे ठरले आहे," रोही म्हणाला, आणि पुढे गेला.

वानरीने कपाळावर हात मारला. "ठरलंय म्हणे! ती पोटुशी आहे रे, तिला तरी विचार!"

हरिणीने एकदा मागे पाहिले. पण पुढाऱ्याने बंदी घातली होती. तिने नियम मोडला नाही. रानडुक्कर तिच्याजवळ येऊन पुटपुटले, "ताई, मी काल बोललो असतो. आज मला बोलायला तोंड नाही."

रोहीने वानरीचे वाक्य पुरे होऊ दिले असते, तर पुढचे कष्ट टळले असते. ज्याला पुढची वाट दाखवायची आहे, त्याने वाटेवर राहणाऱ्याला विचारणे यात कमीपणा नाही. पण रोहीला वाटले, विचारणे म्हणजे डळमळणे.

दुपार कलली तेव्हा बाभळीचे बन आले. म्हणजे जिथे ते असायचे, ती जागा आली. वणवा तिथून केव्हाच जाऊन गेला होता. काळे खुंट उभे होते. खाली शेंगा नव्हत्या, राख होती. रोही धावत खडकाच्या टाक्याकडे गेला. टाक्याच्या तळाशी वाळलेले शेवाळ होते, आणि त्यावरही राखच होती.

तो परत आला आणि राख खुराने उकरू लागला. इकडे उकरले, तिकडे उकरले. एक जळकी शेंग निघाली. ती तोंडात धरताच तिचा भुगा झाला.

रानडुकराला राहवले नाही. "बसा की, रोहीराव. ठरल्या जागी आलोय, ठरल्या वेळी आलोय. आता पंगत मांडा."

तेवढ्यात हरिणीचे मागचे पाय वाकले आणि ती राखेतच बसली. उठायचा तिने एकदा प्रयत्न केला; जमले नाही.

रानडुकराचे हसणे तिथेच संपले. "ताई? अगं, मी थट्टा केली. ऊठ ना. ताई!"

हरिणी हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुम्ही दोघे पुढे जा. तुमचा दोष नाही. माझ्यातलंच बळ सरलं."

रोही तिच्याकडे पाहत उभा राहिला. पुढे नदी दूर होती. मागे टेंभुर्णीचे बन होते, पण मागे जाणे म्हणजे ठरलेले मोडणे. देवापुढे केलेला संकल्प कसा मोडावा? तो डोळे मिटून आठवू लागला. तळ्याकाठी तोंडात घोट असताना आपण मनात काय धरले होते? 'या हरिणीला नदीवर पोचवीन.' एवढेच. उंबराचा झरा, बाभळीचे बन, मध्ये थांबायचे नाही, हे सारे त्याने घोट गिळल्यावर सांगितले होते. पहिले देवाला दिलेले वचन होते. दुसरी त्याची स्वतःची आखणी होती. आखणी चांगली होती. पण तिला त्याने वचनाच्या आसनावर नेऊन बसवले होते, आणि वचन मात्र राखेत बसले होते.

त्याने डोळे उघडले. रानडुकराला म्हणाला, "मी मागे जातो. मी येईपर्यंत हिला सोडू नकोस."

"मी?" रानडुक्कर चकित झाले. "माझ्यावर सोपवता?"

"तुझ्यावर."

रानडुक्कर हरिणीच्या आणि उन्हाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ते रुंद होते; त्याची सावलीही रुंद पडली.

रोही आल्या वाटेने दौडत सुटला. पुढाऱ्याला पुढे धावणे सोपे असते. मागे धावताना त्याला प्रत्येक दगड ओळखीचा दिसतो, आणि प्रत्येक दगडापाशी आपली चूक उभी दिसते. तरी तो थांबला नाही. टेंभुर्णीच्या बनात पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता.

वृद्ध वानरी त्याच फांदीवर होती. "आलास?" ती म्हणाली. "मघाशी मान इतकी वर होती, की मला वाटलं, फांदीलाच अडकतेय."

रोहीने मान खाली घातली. "आजी, चुकलो. ती बसली आहे, उठत नाही. थोडे अन्न द्या."

वानरीचा चेहरा पालटला. ती वर पाहून ओरडली, "ए पोरांनो, खेळ पुरे! भरल्या फांद्या मोडा. पाल्यासकट, फळांसकट. कोवळ्या बघून मोडा!" वर कडाकड आवाज सुरू झाले. मग ती रोहीला म्हणाली, "तू आधी खा."

"आधी तिला."

"उपाशी हमाल ओझं वाटेत सांडतो, बाबा. तू पडलास तर तिला कोण नेईल? खा म्हणते ना."

रोहीने देवाचे स्मरण केले आणि मातीत पडलेले एक फळ उचलले. न ठरलेल्या जागी, न ठरलेल्या वेळी त्याने खाल्लेला तो पहिला घास. फळ गोड होते. त्याचे डोळे ओले झाले. ते गोडीमुळे होते की दुसऱ्या कशामुळे, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

मग त्याने विचारले, "आजी, माळावर पुढे पाणी कुठे आहे?"

"हेच मघाशी विचारायचं होतं. मी सांगतच होते, तू शेपूट दाखवून गेलास." तिने हाताने दिशा दाखवली. "जळक्या बनाच्या खालच्या अंगाला कोरडा नाला आहे. त्याच्या वळणावर जुनं अर्जुनाचं झाड आहे. तिथली वाळू उकर. पाणी वर दिसत नाही, पण आहे."

"माझ्या खुरांनी वाळू उकरणार नाही."

"तुझ्या खुरांनी नाहीच. तुझ्याबरोबर तो लांब नाकाडाचा होता ना? त्याला लाव."

रोहीने फळांनी भरलेल्या फांद्या दातांत धरल्या, वानरीपुढे मान लववली आणि निघाला.

तो परत आला तेव्हा रानडुक्कर जागचे हलले नव्हते. सूर्य सरकत गेला तसतसे तेही बोटभर बोटभर सरकले होते, एवढेच. रोहीने फांद्या हरिणीच्या तोंडाशी ठेवल्या. तिने एक पान चावले. मग एक फळ. मग दुसरे. तिचा श्वास सावकाश होऊ लागला. दोघे तिच्याकडे नुसते पाहत राहिले. आपणही भुकेले आहोत, हे रानडुकराला त्या वेळी आठवले नाही.

"तूही खा," रोही त्याला म्हणाला. "आणि खाऊन झाले की नाक लाव जमिनीला."

"पण बंदी आहे ना?"

"उठवली. नाल्याच्या वळणावर वाळूखाली पाणी आहे. ते मला काढता येणार नाही. तुला येईल."

रानडुक्कर दोन फळे तोंडात घेऊन पळालेच. अर्जुनाखाली त्याने वाळूत नाक खुपसले, हुंगले, थोडे सरकले आणि उकरू लागले. वाळू उडू लागली. आधी गरम, मग गार, मग ओली. खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरले. आधी गढूळ, मग नितळ. "आलं! रोहीराव, आलं!" ते ओरडले. आणि ज्याने आयुष्यात पंगतीची वाट पाहिली नव्हती, ते मागे सरून म्हणाले, "ताईला आणा आधी."

हरिणी उठली. रोहीच्या खांद्याला खांदा टेकत ती उतार उतरली आणि पाणी प्याली. पुष्कळ वेळ प्याली. मान वर केली तेव्हा तिच्या ओठांवरून थेंब गळत होते. ती म्हणाली, "दादा, पोटात ते हललं. दुपारपासून गप्प होतं. आता हललं."

रोही थोडा दूर गेला, पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याने मान लववली.

पुढची वाट ते निराळ्या रीतीने चालले. सकाळी रोही सांगे, "सूर्य मावळण्याआधी अमुक ठिकाणी पोचायचे." ते मुळीच बदलत नसे. पण वाटेत जो भेटेल त्याला तो विचारी. तित्तिराला विचारले, सरड्यालाही विचारले. रानडुक्कर मधूनच म्हणे, "रोहीराव, इथे वास चांगला येतोय. थांबू?" रोही सावली पाही, उजेड किती उरला ते पाही, हरिणीकडे पाही. कधी म्हणे, "थांब," कधी म्हणे, "नको." नको म्हटले की रानडुक्कर कुरकुरे. "एक कंद! एकच!" "नको म्हणालो ना." "बरं, बरं. पुढारी तुम्ही." पण ते चालत राही.

अशा रीतीने ते नदीवर पोचले. काठावर हिरवे लुसलुशीत गवत होते, आणि पाणी संथ वाहत होते. हरिणी गवतात शिरली आणि मनसोक्त चरली. दुसऱ्या दिवशी सकाळी, करंजाच्या झाडाखाली, तिला पाडस झाले. ते ओले होते, थरथरत होते, आणि त्याचे पाय त्याच्याहून लांब वाटत होते.

रानडुक्कर पुढे होऊन पाहू लागले. "एवढंसं? मला वाटलं, मोठं असेल."

"हळू बोल," रोही म्हणाला.

पाडस उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले. कोणाला काही न विचारता त्याने आईच्या कुशीला ढुशी दिली. हरिणीने डोळे मिटले. दूध उतरले होते. पाडस लुचूलुचू पिऊ लागले. थोड्या वेळाने झोपले, जागे झाले आणि पुन्हा पिऊ लागले. ऊन पाडसाच्या अंगावर येऊ लागले, तसा रोही उठला, दोन पावले सरकला आणि त्याच्यावर सावली धरून उभा राहिला.

तात्पर्य : कोठे पोचायचे हे निश्चयाने ठरवावे आणि दिवस हाताशी आहे तोवर पोचावे, परंतु वाटेत देवाने वाढलेले पान आपल्या आखणीत नव्हते म्हणून दूर सारू नये, कारण आखणी प्रवाशासाठी असते, प्रवासी आखणीसाठी नसतो.